यकृत – लेखांक ५ : व्रण विरताना जनुके काय करतात?

यकृतात एकदा व्रणतंतू साचले की ते कायमचे, असा समज वैद्यकात दीर्घकाळ होता. तो खरा नाही, हे दाखवणारे एक उदाहरण पुण्यातले आहे. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधात तांबे उतरते आणि दुधातील केसिन ते घट्ट धरून ठेवते. असे दूध तान्हेपणीच पाजल्याचा आणि बालकांच्या जीवघेण्या ‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’चा, म्हणजे यकृतभर व्रण पसरण्याच्या आजाराचा, संबंध केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८०च्या दशकात पुढे आणला. तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन कावीळ होण्याआधी मिळालेली काही मुले वाचली. पुढच्या तपासण्यांत त्यांच्यापैकी काहींचे यकृत जवळजवळ पूर्ववत दिसले.

व्रणाची ही माघार समजण्यासाठी आधी व्रण कसा बनतो ते पाहायला हवे. यकृतातील तारकाकृती पेशी एरवी अ जीवनसत्त्वाचा साठा सांभाळतात. इजा झाली की टीजीएफ-बीटा या प्रथिनाच्या संदेशाने त्यांच्यातील कोलॅजेन या तंतू-प्रथिनाची जनुके जोमाने काम करू लागतात. सोबत टिम्प-१ हे जनुकही सक्रिय होते. कोलॅजेन तोडणारी एमएमपी गटातील विकरे यकृतात असतातच. टिम्प-१चे प्रथिन त्यांना अडवते. त्यामुळे तंतू वाढतात, पण विरत नाहीत.

इजा थांबली की क्रम उलटतो. १९९८ साली जॉन आयर्डेल व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखवले, की टिम्प-१ची पातळी घसरते आणि विकरांना मोकळीक मिळते. त्याच काळात अनेक सक्रिय तारकाकृती पेशी मरतात. व्रण बनताना दाह वाढवणाऱ्या भक्षक पेशीही आता भूमिका बदलतात. मृत पेशींचे अवशेष गिळल्यावर त्यांच्यात दाहाची जनुके मंदावतात आणि एमएमपी-९, एमएमपी-१२ यांसारखी तंतू तोडणारी जनुके जोर धरतात.

उरलेल्या तारकाकृती पेशींचे काय होते, याचे उत्तर २०१२ साली मिळाले. उंदरांमध्ये सुमारे निम्म्या पेशी मरत नाहीत. कोलॅजेनची जनुके थांबवून त्या शांत अवस्थेकडे परततात. मात्र त्या पूर्णपणे मूळच्यासारख्या होत नाहीत. पुन्हा इजा झाल्यास त्या अधिक वेगाने सक्रिय होतात.

माणसातही माघार सिद्ध झाली आहे. हिपॅटायटिस-बीच्या रुग्णांना पाच वर्षे टेनोफोव्हिर हे विषाणूरोधक औषध दिल्यानंतरचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७४ टक्क्यांच्या यकृतात तो उरला नव्हता. जुना, जाड, आडव्या बंधांनी घट्ट विणलेला व्रण मात्र विकरांना सहजासहजी दाद देत नाही. म्हणून दारू, विषाणू, चरबी किंवा तांबे, जे कारण असेल ते लवकर दूर होणे आणि कायमचे दूर राहणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या ठरतात.