धबधब्याच्या वाटेवर

पावसाळ्यात वडखळहून अलिबागकडे निघाले म्हणजे धरमतरच्या खाडीवरील पूल लागतो. पूल ओलांडला, की भाताची हिरवी खाचरे दिसू लागतात. पोयनाड मागे पडते आणि डाव्या हातास सागरगडाचा डोंगर जवळ येतो. पाऊस नुकताच थांबला असेल आणि ढग वर सरकले असतील, तर त्याच्या काळ्या कड्यांवर पांढऱ्या शुभ्र रेघा ओढल्यासारख्या दिसतात. ते धबधबे होत. त्यांपैकी एकाचे नाव धोंदाणे. अलिबागच्या अलीकडे खंडाळे नावाचे गाव आहे. तेथून सकाळी पायवाटेने निघावे, धबधबा पाहावा आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी परतावे, इतका तो जवळ आहे.

गाव सुटले, की रानाची वाट सुरू होते. ऐन, साग, किंजळ, कुडा अशी झाडे दोन्ही अंगांस दाटलेली असतात. पायाखाली कुजलेल्या पानांचा मऊ थर असतो. दगडांवर शेवाळ चढलेले असते, म्हणून पाऊल जपून टाकावे लागते. इतक्यात झाडीतून गोड शीळ ऐकू येते. एखादा गुराखीच शीळ घालीत आहे, असे वाटते. पण तो असतो शीळकरी कस्तूर हा निळसर काळ्या रंगाचा पक्षी. ओढ्याकाठच्या कपारीत तो घरटे बांधतो. त्याची शीळ कानी पडली, की पाणी जवळ आले असे समजावे.

थोड्याच वेळात पाण्याचा गंभीर घोष ऐकू येतो आणि कड्यावरून कोसळणारा धबधबा समोर दिसतो. तो पाहताना मनात एक प्रश्न येतो : ओढ्याने नेमकी येथेच उडी का घेतली?

याचे उत्तर खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला आणि थंड होऊन त्याचे थरांवर थर साचले. आपले सह्याद्रीचे डोंगर याच काळ्या खडकाचे बनलेले आहेत. परंतु हे सर्व थर सारखेच कठीण नाहीत. काही थर घट्ट आहेत, तर काही सच्छिद्र आणि ठिसूळ आहेत. पाणी ठिसूळ थर लवकर झिजवते. कठीण थर मात्र उंबऱ्यासारखा पुढे राहतो. या उंबऱ्यावरूनच पाणी खाली झेप घेते. खाली पडणाऱ्या पाण्याने पायथ्याशी डोह तयार होतो. प्रवाहात गरगर फिरणारे गोटे खडक कोरतात आणि त्यात रांजणासारखे खोल खळगे पडतात. वरून पाण्याचा पृष्ठभाग शांत दिसतो. आतील खोली मात्र कळत नाही.

दुसरा प्रश्न असा, की पाऊस थांबल्यावरही ओढा कसा वाहत राहतो? हे काम रानाचे आहे. उघड्या डोंगरावर पडलेला पाऊस माती घेऊन धावत सुटतो. रानात मात्र तो आधी पानांवर पडतो, मग पाचोळ्यात मुरतो आणि मुळांनी भुसभुशीत केलेल्या मातीत उतरतो. तेथून तो झऱ्यांच्या रूपाने हळूहळू बाहेर येतो. म्हणून रानातल्या ओढ्याचे पाणी एरवी नितळ असते आणि पाऊस सरल्यावरही ते काही काळ टिकते. रान म्हणजे जणू डोंगराची पाण्याची कोठी होय.

पण कोठीलाही मर्यादा असते. चार दिवस संततधार लागली, की माती पाण्याने तुडुंब भरते. त्यानंतर पडणारा पाऊस मुरत नाही. तो सरळ ओढ्यात येतो. एका ओढ्यास एक चौरस किलोमीटर डोंगराचे पाणी मिळते, असे समजा. तेवढ्या जागेवर केवळ 1 सेंटीमीटर पाऊस पडला, तरी त्याचे एक कोटी लिटर पाणी होते! आपल्या डोक्यावर ऊन असते आणि तिकडे माथ्यावर ढग रिते होत असतात. ते पाणी काही मिनिटांत खाली येते.

30 जून 2024 रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यावर असेच घडले. पाहता पाहता पाणी वाढले आणि एक कुटुंब प्रवाहाच्या मध्यभागी अडकले. ती माणसे एकमेकांस घट्ट धरून उभी राहिली; परंतु पाण्याच्या जोरापुढे त्यांचे काही चालले नाही. पाच जण मृत्यू पावले. त्यांत लहान मुलेही होती.

असे संकट येण्यापूर्वी ओढा बहुधा सूचना देतो. ती वाचता आली पाहिजे. नितळ पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या व पाचोळा वाहून येऊ लागला, पाण्याचा आवाज वाढला किंवा मघाशी कोरडा असलेला दगड बुडाला, तर क्षणभरही रेंगाळू नये. सामान तेथेच टाकून काठावरच्या उंच जागी जावे. मात्र कधी कधी सूचना मिळण्याइतकाही वेळ नसतो. म्हणून जोराच्या पावसात प्रवाहात मुळीच उतरू नये. परतीच्या वाटेवर ओढा फुगलेला असेल, तर पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे. घरी उशिरा पोहोचणे केव्हाही चांगले.

आणखीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोठ्या माणसांशिवाय जाऊ नये. दगडाखाली किंवा कपारीत हात घालू नये. कोकणातल्या खडकाळ रानात फुरशासारखे विषारी साप असतात. कड्याच्या निसरड्या कडेवर जाऊ नये. धबधब्यावर जाण्यास शासनाने बंदी केली असेल, तर ती पाळावी. निघण्यापूर्वी तेथील रहिवाशांस विचारावे. ठाकर व कातकरी लोक पिढ्यान्‌पिढ्या या रानात राहत आले आहेत. कोणती वाट केव्हा बंद होते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? ते “आज नको” म्हणाले, तर मुकाट्याने मागे फिरावे. त्यात कमीपणा नाही.

धबधबा पाहून झाला, की आपण आणलेला कागद, पिशवी किंवा बाटली परत घेऊन यावी. उतरताना एकदा मागे वळून पाहावे. कड्यावरून कोसळणारे ते पाणी खाली येऊन शांतपणे खाचरांकडे जाते आणि अखेरीस समुद्रास मिळते. ओढा तोच, कधी सौम्य, कधी उग्र. त्याचा स्वभाव ज्याने ओळखला, त्यालाच त्याच्या सहवासाचा आनंद खऱ्या अर्थाने घेता येतो.