गाणे आणि त्याची मालकी : डॉली पार्टन यांची गीतरचना

अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगररांगांत स्थायिक झालेल्या स्कॉटिश, आयरिश व इंग्रज कुटुंबांची कथागीते, खेड्यांतील चर्चमधली प्रार्थनागीते आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांकडून आलेला बॅन्जो व ब्लूजची गायनरीत यांच्या मिश्रणातून जे संगीत घडत गेले, त्याला विसाव्या शतकात ‘कंट्री’ हे नाव स्थिरावले. याच संगीताचे निवेदन आणि स्वरवळणे कायम ठेवून त्याला शहरी श्रोत्यांच्या कानाला रुचेल अशी वाद्यरचना व सफाईदार ध्वनिमुद्रण दिले की त्याला ‘कंट्री-पॉप’ म्हणतात. या परंपरेतील गायिका अनेकदा स्वतःच शब्द लिहिते, स्वतःच चाल बांधते आणि स्वतःच गाते. मराठी भावगीतात कवी, संगीतकार आणि गायक हे सामान्यतः तीन वेगळे मानकरी असतात, येथे ते एकाच व्यक्तीत एकवटतात. डॉली पार्टन यांच्या कारकिर्दीचे वर्णन त्यांचा उंच, थरथरता आवाज, त्यांचे केशसंभार आणि त्यांचे चमकते पोशाख यांच्या आधारे नेहमीच केले जाते. परंतु त्यांनी गाणी कशी रचली आणि रचलेल्या गाण्यांचे हक्क कसे राखले, हे बारकाईने पाहिल्याशिवाय त्या कारकिर्दीचा उलगडा होत नाही.

पार्टन यांचा जन्म १९ जानेवारी १९४६ रोजी टेनेसी राज्यातील सेव्हिअर परगण्यात झाला. बारा भावंडांपैकी त्या चौथ्या होत. वडिलांना लिहितावाचता येत नव्हते, आईला मात्र जुनी कथागीते तोंडपाठ होती, आणि आईचे वडील पेन्टेकॉस्टल पंथाचे धर्मोपदेशक असल्यामुळे गाणे हा घराच्या आणि चर्चच्या दिनक्रमाचाच भाग होता. बिल ओवेन्स या मामांनी त्यांच्या हाती गिटार दिली, त्यांना नॉक्सव्हिलच्या रेडिओ-दूरचित्रवाणी कार्यक्रमापर्यंत नेले आणि पुढे नॅशव्हिलच्या प्रकाशकांचे उंबरठेही त्यांच्यासोबत झिजवले. १९६४ मध्ये शालेय शिक्षण संपले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पार्टन नॅशव्हिलला गेल्या. आणि गायिका म्हणून नाव होण्याआधी, १९६६ मध्ये, मामांबरोबर लिहिलेले त्यांचे एक गाणे बिल फिलिप्स या दुसऱ्या गायकाच्या आवाजात गाजले. गायिकेच्या आधी गीतकर्ती प्रसिद्ध झाली, हा क्रम पुढच्या साऱ्या वाटचालीकडे पाहताना लक्षात ठेवावा लागतो.

नॅशव्हिलमध्ये ‘प्रकाशन’ या शब्दाचा अर्थ पुस्तकविक्रीच्या व्यवहारापेक्षा वेगळा आहे. एका गाण्यात तेथे दोन मालमत्ता मानल्या जातात : एक म्हणजे शब्द आणि चाल मिळून झालेली रचना, आणि दुसरी म्हणजे त्या रचनेचे एखादे विशिष्ट ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रण सहसा कंपनीच्या मालकीचे असते. रचनेचे उत्पन्न मात्र परंपरेने दोन सारख्या भागांत विभागले जाते, त्यांपैकी अर्धे लेखकाचे आणि अर्धे प्रकाशकाचे. रचनेची नोंदणी करणे, ती इतर गायकांपर्यंत पोहोचवणे आणि पैसा गोळा करणे हे प्रकाशकाचे काम. कंट्री संगीताच्या व्यवसायाचा पाया या हक्कांवरच उभा आहे. १९२७ मध्ये टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरील ब्रिस्टल गावी कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे करणाऱ्या राल्फ पीअर यांनी व्हिक्टर कंपनीकडून पगार घेण्याऐवजी गाण्यांचे प्रकाशनहक्क स्वतःकडे ठेवण्याची अट घातली होती, आणि त्यांचा हिशेब अचूक ठरला. १९०९ च्या कायद्याने विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे रचनेला दोन सेंट ठरवून दिले होते व तो दर १९७८ पर्यंत तसाच राहिला. म्हणजे तबकडीच्या दहा लाख प्रती खपल्या, तरी रचनेच्या वाट्याला वीस हजार डॉलर येत, आणि त्यातले अर्धे प्रकाशकाकडे जात. याखेरीज अमेरिकेत नेहमीच्या रेडिओ केंद्रांवरून गाणे वाजले की पैसे मिळतात ते लेखकाला आणि प्रकाशकाला. गाणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. या नियमामुळे केवळ गाणाऱ्या कलावंताचे आणि लिहून गाणाऱ्या कलावंताचे आर्थिक भवितव्य किती वेगळे होते, हे सहज ध्यानात यावे. पार्टन यांनी मामांबरोबर स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि दोघांच्या आडनावांतील अक्षरे जोडून तिचे नाव ‘ओवेपार’ ठेवले, ते ऐन विशीत.

त्यांच्या रचनापद्धतीचा सर्वांत स्पष्ट नमुना म्हणून ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ या गाण्याकडे पाहता येते. पोर्टर वॅगनर हे त्या काळचे प्रसिद्ध गायक व दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे सूत्रधार होते. १९६७ पासून पार्टन त्यांच्या कार्यक्रमात होत्या आणि बसमधून त्यांच्याबरोबर गावोगाव दौरे करीत. अशाच एका प्रवासात गाणे सुचले तेव्हा जवळ कागद नव्हता, म्हणून ते वॅगनर यांच्या कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर उतरवले गेले. चिंध्या जोडून आईने शिवलेला कोट, शिवता शिवता तिने सांगितलेली बायबलमधल्या योसेफाच्या रंगीत अंगरख्याची गोष्ट आणि शाळेत मुलांनी केलेली चेष्टा एवढाच त्याचा ऐवज आहे. दारिद्र्याविषयी कोणतेही विधान न करता केवळ एका वस्तूच्या शिवणीतून ते दाखवणे ही कथागीताच्या परंपरेची शिस्त आहे, आणि १९७१ च्या या गाण्यात ती कोठेही सुटत नाही.

१९७३ मधील ‘जोलीन’ हे गाणे याहून धीट आहे. पतीकडे आकृष्ट झालेल्या बँकेतील एका कर्मचारी तरुणीची आठवण आणि सही मागायला आलेल्या तांबड्या केसांच्या एका लहान मुलीचे नाव, अशा दोन असंबद्ध गोष्टी एकत्र आणून ते रचल्याचे पार्टन यांनी सांगितले आहे. पतीला भुलवू शकेल अशा स्त्रीला पत्नीने केलेली विनवणी हा त्याचा विषय. पण तिच्यावर संताप काढण्याऐवजी पत्नी तिच्या केसांचे, कांतीचे, डोळ्यांचे आणि आवाजाचे वर्णन इतके मन लावून करते की मत्सर आणि कौतुक वेगळे करता येत नाहीत. ज्याच्यासाठी ही सारी धडपड, त्या पुरुषाचे नाव गाण्यात कोठेच येत नाही. उलट त्या स्त्रीचे नाव ध्रुवपदाच्या आरंभी सलग चार वेळा येते, त्यामुळे हाक, आर्जव आणि ध्यास हे तिन्ही एकाच शब्दावर तोलले जातात. खाली गिटारीवर अंगठा खर्जाच्या तारांवर अखंड ठेका धरतो आणि उरलेली बोटे वरच्या तारांवर स्वर पेरीत जातात. वादक चिप यंग यांची ही वेगवान बोटफेक गाण्याला एक अस्वस्थ घाई देते, आणि मोजक्याच स्वरमेळांमुळे ती घाई कोठे विसावत नाही. जोलीन काय उत्तर देते हे गाणे सांगत नाही. अशी रचना कोणत्याही काळात नव्याने गाता येते. २०२४ मध्ये बियॉन्से यांनी तिचे शब्द बदलून विनवणीच्या जागी इशारा आणला, तरी मूळ सांगाडा टिकून राहिला.

वॅगनर यांच्या कार्यक्रमातून बाहेर पडायचे ठरल्यावर, वाद घालून त्यांची समजूत पटत नाही असे पाहून, पार्टन यांनी निरोपादाखल ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे गाणे लिहिले. ते १९७४ मध्ये कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्यानंतर एल्व्हिस प्रेस्ली ते गाणार असा निरोप आला. प्रेस्ली यांच्यासारख्या गायकाने आपले गाणे निवडणे ही कोणत्याही लेखकाला धन्य वाटावी अशी गोष्ट होती; परंतु ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी त्यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी प्रकाशनहक्काचा निम्मा वाटा मागितला. ही त्यांची नेहमीची अट होती आणि अनेक लेखकांनी ती मान्य केलेली होती. पार्टन यांनी ती नाकारली आणि आपण त्यानंतर रात्रभर रडलो, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. हा नकार मानी स्वभावाचा आविष्कार म्हणून सांगितला जातो, पण त्यात व्यवसायाची पक्की समज होती : गाणे आधीच गाजलेले होते, हक्क स्वतःच्या संस्थेकडे होते आणि एकदा दिलेला वाटा गाणे जिवंत असेपर्यंत परत येणार नव्हता.

पॉपच्या श्रोत्यांपर्यंत जाण्याचा निर्णय त्यांनी १९७७ च्या सुमारास उघडपणे घेतला, आणि येथे त्यांच्या कारकिर्दीतील एक विरोधाभास दिसतो. ज्या ‘हिअर यू कम अगेन’ या गाण्याने त्यांना पॉपच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर नेले, ते त्यांचे नव्हते. बॅरी मान आणि सिंथिया वाइल या जोडीने ते लिहिले होते. केनी रॉजर्स यांच्याबरोबर १९८३ मध्ये गायलेले ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ बी जीज बंधूंचे होते. कंट्रीचे श्रोते आपल्याला परके मानतील या काळजीने त्यांनी ‘हिअर यू कम अगेन’मध्ये स्टील गिटारचे, म्हणजे तारांवर धातूची कांडी सरकवून मींड काढणाऱ्या वाद्याचे, सूर मुद्दाम घालून घेतले, कंट्रीची ओळख एकाच वाद्यात साठवून ती हवी तेथे ठेवण्याची ही युक्ती कंट्री-पॉपचे तंत्र एका फटक्यात उघड करते. मात्र या दोन्ही गाण्यांत पार्टन यांचा आवाज आहे, त्यांची नजर नाही.

ती नजर पॉपमध्येही टिकू शकते हे ‘नाइन टू फाइव्ह’ने दाखवले. १९८० च्या त्याच नावाच्या चित्रपटात त्यांनी पहिल्यांदा भूमिका केली, ती शीर्षकगीत आपण लिहू या अटीवर. चित्रीकरणाच्या जागी रिकाम्या वेळेत आपली लांब कृत्रिम नखे एकमेकांवर घासल्यावर होणारा खडखडाट टंकलेखन यंत्रासारखा वाटतो हे त्यांच्या लक्षात आले, त्या ठेक्यावर त्यांनी गाणे बांधत नेले आणि तो नखांचा आवाज ध्वनिमुद्रणातही वापरला. कार्यालयात राबणाऱ्या स्त्रीची सकाळची लगबग आणि तिच्या कल्पनांचे श्रेय लाटणारा साहेब हा मजकूर कथागीताचाच आहे. फक्त डोंगरातल्या झोपडीची जागा कार्यालयाने घेतली आहे. १९८१ मध्ये हे गाणे पॉप आणि कंट्री या दोन्ही याद्यांत पहिले आले.

१९९२ मध्ये ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टन यांनी ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ गायले. ध्वनिमुद्रणाचे निर्माते डेव्हिड फॉस्टर यांच्यासमोर लिंडा रॉन्स्टाट या गायिकेचे याच गाण्याचे १९७५ चे ध्वनिमुद्रण होते, त्यात शेवटचे कडवे नव्हते. ते अस्तित्वात आहे हे त्यांना खुद्द पार्टन यांच्याकडून कळले आणि ते नव्या गाण्यात समाविष्ट झाले. ह्यूस्टन यांचे गाणे अमेरिकेतील मुख्य यादीत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, जगभरच्या रेडिओवर अक्षरशः रोज वाजले, आणि त्या प्रत्येक वाजण्याचा लेखकाचा व प्रकाशकाचा असे दोन्ही वाटे पार्टन यांच्याकडे आले. त्यांना प्रथम पॉपमध्ये नेणारे गाणे इतरांनी लिहिले, आणि त्यांचे स्वतःचे श्रेष्ठ कंट्री गाणे पॉपमध्ये गेले ते दुसरीच्या गळ्यातून. पण या दोन वाटांपैकी दुसरीच अधिक दूरवर पोहोचली, असा निर्वाळा द्यावा लागतो.

ह्यूस्टन यांच्या आवाजातून या गाण्याशी परिचय झालेल्या मराठी श्रोत्यांनी १९७४ चे, तीन मिनिटांहूनही लहान असलेले मूळ ध्वनिमुद्रण जरूर ऐकावे. निरोपाच्या शुभेच्छांचे जे शेवटचे कडवे पुढे एवढ्या ताकदीने गायले गेले, ते तेथे पार्टन यांनी गायलेले नाही. ते त्यांनी साध्या आवाजात नुसते बोलून दाखवले आहे.