फैजपूरच्या आधी चाळीसगाव

डिसेंबर 1936 मध्ये तापीपलीकडच्या फैजपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. आम्हा वरणगावकरांना त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली तिथं 1935 चा कायदा फेटाळला गेला, घटना समितीची मागणी झाली. पण घटनेच्या वाटाघाटींचा खान्देशातला मागोवा फैजपूरपासून सुरू करणं मला पटत नाही. तो सात वर्षं मागे, चाळीसगावपर्यंत न्यायला हवा.

ऑक्टोबर 1929. धुळ्याकडचं चौकशीचं काम आटोपून डॉ. आंबेडकर चाळीसगावात उतरले. त्यांना महारवाड्यात न्यायचं होतं, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाला तयार होईना. शेवटी तडजोड निघाली: टांगा घेऊन जा, हाका मात्र तुमचे तुम्ही. वस्तीतल्याच एकानं लगाम धरला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पायाचं हाड मोडलं.

तेच बाबासाहेब पुढच्याच वर्षी लंडनला, भारताच्या घटनेच्या वाटाघाटींसाठी भरलेल्या गोलमेज परिषदेत बसले. ऑगस्ट 1932 मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांच्या निवाड्यानं अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभलं आणि 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा 71 च्या 148 झाल्या. गांधीजींचा जीव पणाला लागलेला असताना झालेली बोलणी बरोबरीची म्हणता येत नाहीत. बाबासाहेबांवर तेव्हा आलेलं दडपण अन्यायाचंच होतं. तरी त्याच राखीव जागांमुळे 1937 साली पूर्व खान्देशातून स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलतराव जाधव मुंबई विधानसभेत पोचले.

दक्षिण आफ्रिकेत 1991 पासून काळे-गोरे नव्या घटनेसाठी समोरासमोर बसले, तेव्हा बहुसंख्य काळ्यांचा जोर त्यांच्या पुढाऱ्यांमागे होता. आपल्याकडे दबलेला समाज गावोगाव संख्येनं थोडा. म्हणून तर मतदारसंघ कसे आखायचे यावर एवढा झगडा झाला.

फैजपूरची मागणी 1946 मध्ये फळाला आली, पण बाबासाहेबांना घटना समितीवर बंगालमधून जावं लागलं. फाळणीत ती जागा गेल्यावर 1947 मध्ये बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर ते मुंबईतून आले. 29 नोव्हेंबर 1948 ला अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर झालं. राखीव जागांना मुदत मिळाली फक्त दहा वर्षांची. ती वाढत वाढत आता 25 जानेवारी 2030 वर येऊन थांबली आहे.