मुद्दल शाबूत ठेवा

नव्वदच्या दशकात मराठी मध्यमवर्गीय घराच्या कपाटात दोन वस्तू कुलपात असत. एक दागिन्यांचा डबा आणि दुसरी लग्नाची व्हिडिओ कॅसेट. दागिने आजही वजनाला तेवढेच भरतात. कॅसेटचे मात्र तसे नाही. चुंबकीय फितीवरची नोंद काळाबरोबर क्षीण होते आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत फितीवर बुरशी धरते. शिवाय ती लावायची कशावर, हाही प्रश्नच. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले आणि ते उत्पादनच जगातून संपले.

आमच्या घरची कॅसेट १९९१ सालची, धाकट्या भावाच्या लग्नातली. तीत वडील व्याह्यांशी उभ्याउभ्या दोन-तीन मिनिटे बोलतात. वडिलांचे फोटो पुष्कळ आहेत, आवाज एवढाच. परदेशी असलेली पुतणी म्हणाली, "काका, आजोबांना यूट्यूबवर टाका ना. माझ्या मुलांना ते कसे बोलत ते ऐकू दे." पूर्वी एका दुकानदाराने याच कॅसेटची व्हीसीडी करून दिली होती. तीत वडिलांच्या चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठिगळे होती. बोलतात ते वडील, एवढे आवाजावरून ओळखायचे!

असे का होते, हे समजून घेण्यात माझे काही आठवडे गेले. पण बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला ते समजायला जड नाही. टाइपरायटरमध्ये चार कार्बन घातले की शेवटची प्रत पुसट येई. त्या पुसट प्रतीवरून पुन्हा नक्कल काढली तर आकडेच वाचता येत नसत. व्हिडिओचेही तेच. फाइल लहान करण्यासाठी संगणक चित्रातला बराच तपशील कायमचा टाकून देतो. एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जे बदलले, तेवढेच तो प्रामुख्याने नोंदवतो. भटजी स्वस्थ बसलेले असले की काम स्वस्तात होते. पण 'सावधान' म्हणताच शेकडो अक्षता एकदम उडतात, सगळेच बदलते, आणि नोंदीला जागा पुरत नाही. मग ठिगळे पडतात. व्हीसीडीवर चित्र मुळातच ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, आणि सेकंदाला सव्वा मेगाबिटही वाट्याला येत नसे.

यूट्यूब तर तुम्ही दिलेली प्रत्येक फाइल पुन्हा आपल्या पद्धतीने दाबते. ते आपल्या हातात नाही. तिच्या हाती पहिली कार्बन प्रत द्यायची की चौथी, एवढेच आपल्या हातात आहे.

म्हणून पहिली पायरी मूळ कॅसेटकडे परत जाण्याची. बुरशी दिसली तर ती घरी लावू नये, जाणकाराकडून साफ करून घ्यावी. संगणकावर उतरवताना शक्य तर काहीच न दाबता उतरवावी. ७२० गुणिले ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चौकटी, या हिशेबाने तासाला सुमारे ७५ जीबी होतात. आकडा मोठा वाटतो, पण आजच्या साध्या हार्ड डिस्कवर अशा कितीतरी कॅसेटी मावतात. हे आपले मुद्दल.

दुसरी पायरी दातऱ्यांची. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक चौकट दोन हप्त्यांत येई: आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. संगणकाच्या पडद्यावर त्यामुळे हलत्या हाताला फणीसारखे दाते दिसतात. 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'डीइंटरलेस' ही सोय आहे. तीत 'बॉब' हा पर्याय निवडला की दोन हप्त्यांच्या दोन स्वतंत्र चौकटी होतात, म्हणजे सेकंदाला ५०, आणि हालचाल मुळासारखी सुरळीत राहते.

तिसरी पायरी जरा चमत्कारिक आहे. यूट्यूब सेकंदाला ५० चौकटी ७२० रेषांपासून वरच्या चित्रालाच देते. म्हणून आपले ५७६ रेषांचे चित्र वाढवून १४४० गुणिले १०८० करावे. त्याने नवा तपशील येत नाही. फक्त पलीकडे त्याला ऐसपैस जागा मिळते. प्रमाण मात्र चारास तीनच ठेवावे. रुंद पडदा भरण्यासाठी ताणले की सगळे वऱ्हाड जाडजूड दिसू लागते.

शेवटी दर्जाचा आकडा. हँडब्रेकमध्ये तो जितका लहान तितके चित्र चांगले, एच.२६४ पद्धतीत १८ च्या आसपास ठेवला तर मूळ आणि नक्कल यांतला फरक डोळ्याला सहसा कळत नाही. अशा चित्राला सेकंदाला १२ मेगाबिट, ही यूट्यूबचीच शिफारस आहे. इथे हात सढळच असावा. अपलोड झाल्यावर चित्र धुरकट दिसले तर घाबरू नये. आधी हलकी प्रत तयार होते, चांगली मागाहून येते. घरच्यांपुरतेच ठेवायचे असेल तर 'अनलिस्टेड' निवडून दुवा तेवढ्यांनाच द्यावा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, म्हणजे वाटेत आणखी दाबले जात नाही.

एवढे केल्यावर वडिलांच्या चष्म्याची काडी दिसली, आणि बोलताना भुवई उंचावण्याची सवयही. पुतणीचा फोन आला. तिचा धाकटा म्हणे विचारत होता, "हे आजोबा तुझ्यासारखी भुवई का करतात?"

यूट्यूबवरून आपलाच व्हिडिओ पुन्हा उतरवला तर दाबलेली प्रतच हाती येते. तेव्हा मूळ फाइल दोन डिस्कांवर, दोन वेगळ्या घरांत ठेवावी आणि कॅसेटही फेकू नये. व्याज चार जणांत खुशाल वाटावे. मुद्दलाला हात लावू नये. आणि हे सारे येत्या पावसाळ्याच्या आत उरकावे, कारण बुरशी कुणासाठी थांबत नाही.