बेटावरची मराठी आणि आपण

मॉरिशसचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे निळा समुद्र आणि सहलीची चित्रे येतात. औरंगपुऱ्यातील या श्रोतृवर्गापुढे आम्ही त्या बेटाविषयी बोलत आहोत ते मात्र निराळ्या कारणाने. तेथे आपल्याच भाषेची काही घरे आहेत, आणि त्या घरांनी आम्हांस एक प्रश्न घालून परत पाठवले आहे.

मादागास्करच्या पूर्वेस असलेला हा देश केवढा, तर सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाएवढा. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. १८३५ साली तेथील गुलामगिरी संपली, आणि उसाच्या मळ्यांना मजूर कोठून आणावेत असा प्रश्न मळेवाल्यांपुढे उभा राहिला. उत्तर हिंदुस्थानात सापडले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी करारबद्ध मजुरांची एक तुकडी पोर्ट लुईच्या बंदरात उतरली, आणि पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे त्या धक्क्यावरून गेली. त्याच जागेला आज 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ साली तिची गणना जागतिक वारशात झाली.

करार पाच वर्षांचा आणि मजुरी महिन्याला पाच रुपये. एक दिवस कामावर गैरहजर राहिले की दोन दिवसांचे वेतन कापले जाई. मुंबई बंदरातून जे गेले त्यांत रत्नागिरीकडील कोकणी माणसे पुष्कळ होती. त्यांच्याजवळ संपत्ती नव्हती. होती ती गाणी, देव आणि भाषा. नोंद करणाऱ्या कारकुनाने जे ऐकले ते लिहिले, आणि आजोबांचे पाळण्यातले नाव नातवंडांचे आडनाव होऊन बसले.

काही वर्षांपूर्वी आम्ही तेथे गेलो असता अशाच एका कुटुंबात गणेशोत्सवाच्या दिवशी आमची पानावर पंगत झाली. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. घरातील आजीबाईंनी आरती म्हटली ती अस्खलित. एक अक्षर चुकले नाही. आरती आटोपल्यावर त्यांनी नातवाला क्रिओलमध्ये काही सांगितले. नातू आम्हांस इंग्रजीत म्हणाला, "आरतीतल्या एका शब्दाचा अर्थ आजी विचारते आहे. लहानपणापासून म्हणते, पण कोणी सांगितला नाही." आम्ही अर्थ सांगितला, नातवाने तो क्रिओलमध्ये आजीला सांगितला, आणि आजीबाई समाधानाने हसल्या. आम्हांस मात्र हसू आले नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ जपलेला शब्द त्यांच्यापाशी होता. त्याचा अर्थ तिसऱ्या भाषेतून फिरून त्यांच्याकडे पोहोचला.

असे का झाले, हे समजून घेतले पाहिजे. त्या देशात शाळेची आणि कारभाराची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंच, आणि बाजार, बस, घर येथील बोली क्रिओल. शंभरांतील ऐंशीहून अधिक माणसे घरात तीच बोलतात. मराठीकडे सरकारने दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. प्राथमिक शाळेत ती शिकवली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचा अभ्यास होतो, कोकणातील जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने आजही नाचली जाते. भाषेला मान आहे, काम नाही. आणि जिला रोजचे काम नाही ती भाषा हळूहळू देव्हाऱ्यात जाऊन बसते.

येथे क्रिओलला दोष देण्याचा मोह होतो. तो आम्हांस अयोग्य वाटतो. त्या देशाच्या राज्यघटनेने निवडणुकीसाठी समाजाचे चार गट मानले आहेत, आणि लहान गट वंचित राहू नयेत म्हणून आठपर्यंत जादा जागा राखल्या आहेत. हेतू चांगला, परंतु त्या हिशेबासाठी अजून १९७२ च्या जनगणनेचे आकडे धरावे लागतात, कारण त्यानंतर माणसांची अशी मोजदाद झालेली नाही. हिशेब माणसांना वेगळे करतो; क्रिओल त्यांना एकत्र आणते. जुलै २०२० मध्ये 'वाकाशिओ' हे जहाज खडकावर चढले आणि पुढच्या महिन्यात त्यातील तेल समुद्रात पसरले, तेव्हा हजारो नागरिकांनी कापडात उसाचे पाचट भरून तरंगते बांध तयार केले. त्या रांगेत शेजारी कोणत्या गटाचा, हे विचारण्यास कोणाला सवड नव्हती. ज्या उसासाठी पणजोबांना आणले, त्याच उसाच्या पाचटाने पणतू किनारा राखीत होते.

तेव्हा प्रश्न क्रिओल की मराठी असा नाही. शेजाऱ्याशी बोलण्यास एक भाषा हवीच. प्रश्न हा की, घरच्या भाषेला एखादे तरी खरे काम आपण ठेवतो की नाही?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. निजामी राजवटीत आपल्याकडेही कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१५ साली सरस्वती भुवनसारखी संस्था या शहरात उभी राहिली ती त्या काळात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि पुढे मराठी शाळेत आली, कचेरीत आली. बेटावरील मराठी माणसाला जे कधी मिळाले नाही, ते आपल्याला मिळाले.

मग आपण त्याचे काय केले? मुलांना इंग्रजी शाळेत घालण्याबद्दल आम्ही कोणास बोल लावीत नाही. पोटाचा प्रश्न खरा असतो. पण घरचा हिशेब, आजारपणाची चौकशी, भांडण आणि समजूत, नातवाचे 'का' आणि आजीचे 'कारण' एवढे तरी मराठीत असावे. बेटावरच्या आजीबाईंना अर्थ सांगणारे कोणी नव्हते, तरी त्यांनी शब्द सोडला नाही. आपल्याला अर्थ ठाऊक आहे. तो आज रात्री जेवताना घरातल्या लहानांना सांगावा, इतकेच आमचे मागणे आहे.