८,६०० कोटी पेशी आणि चार जागा

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. सेकंदाला एक अशा वेगाने, रात्रंदिवस न थांबता मोजल्या, तर २,७०० वर्षांहून जास्त काळ लागेल. बुद्धाच्या जन्मावेळी सुरू केलेली मोजणी आजही चालूच असती! आणि एवढा फौजफाटा बाळगणाऱ्या मनात एका वेळी किती गोष्टी मावतात? साधारण चार.

गळती सुरू होते डोळ्यापासूनच. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या १२ कोटींहून जास्त पेशी. तिथून मेंदूकडे जाणारे चेतातंतू मात्र जेमतेम दहा-बारा लाख. ही झाली संवेदना.

पुढची चाळण अवधानाची. सायमन्स आणि शाब्री यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना चित्रफितीतले बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितले होते. मध्येच गोरिलाच्या वेशातली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. जवळपास निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही!

यातूनही जे उरतं, ते कार्यकारी स्मृतीत, म्हणजे मन एका वेळी धरून ठेवतं त्या गोष्टींच्या जागेत येतं. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सातच्या आसपास सांगितली. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारवर आणली.

दीर्घकालीन स्मृतीचा कारभार मात्र उलटा. १९७३ मध्ये लायनेल स्टँडिंग यांनी काहीजणांना पाच दिवसांत १०,००० चित्रं दाखवली, प्रत्येक फक्त पाच सेकंद. दोन दिवसांनी जुनं चित्र नव्याशेजारी ठेवलं, तर शंभरातल्या ८३ वेळा त्यांनी जुनं बरोबर ओळखलं.

म्हणजे कोठार अफाट आहे, अरुंद आहे तो दरवाजा. तो रुंदावता येतो का? अमेरिकेत एका धावपटू विद्यार्थ्याने २३० तासांच्या सरावानंतर, एकदाच ऐकलेले ७९ अंक ओळीने म्हणून दाखवले. सुरुवातीला त्याला सातच जमत. युक्ती अशी, की ३४९२ ऐकलं की तो ‘एक मैल, ३ मिनिटं ४९.२ सेकंद’ अशी शर्यतीची वेळ लक्षात ठेवायचा. चार अंकांचा एकच गट झाला.

मग त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली. गडी थेट सहावर आला.

दरवाजा तसूभरही रुंदावला नव्हता. गाठोडी तेवढी मोठी झाली होती, आणि तीही फक्त अंकांची.