भाव वाढणार आहेत, म्हणून आत्ताच घ्यावा का?

छायाचित्र व्यवसायाचं अर्थकारण : लेखांक ६

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्सनं दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतर दोनच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, कॅननचा ‘फाइव्ह डी मार्क टू’ जाहीर झाला. डीएसएलआरमध्ये फुल एचडी व्हिडिओ आणणारा हा पहिला कॅमेरा. किंमत २,६९९ डॉलर. जगभरातले शेअर बाजार कोसळत असताना आलेल्या या यंत्रानं पुढच्या काही वर्षांत लग्नाच्या चित्रीकरणाची तऱ्हाच बदलली. खांद्यावरचा मोठा व्हिडिओ कॅमेरा मागे पडला आणि मागची गर्दी धूसर करून नवरीचा चेहरा तेवढा उठावदार दाखवणाऱ्या चित्रफिती लोक मागू लागले. त्यामुळे ‘वाईट काळात यंत्रसामग्री घेऊच नये’ हा सल्ला मला सरसकट पटत नाही. काळ वाईट असला तरी काम बदलत असतं.

तरीही यंदा अनेक तालुक्यांच्या गावांतले व्यावसायिक विचारतात तो प्रश्न वेगळा आहे. दुकानदार सांगतो, ‘रुपया घसरतोय, पुढच्या महिन्यात भाव वाढणार, आत्ताच बुक करा.’ घरात मात्र पुढच्या सीझनला किती ऑर्डर येतील याची खात्री नसते. मग करायचं काय?

यात दोन अनिश्चितता एकत्र गुंतल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. पहिली किमतीची. आपण वापरतो ते कॅनन, निकॉन, सोनी, फुजीफिल्म हे सगळे कॅमेरे आयात होतात, बहुतेक जपान, थायलंड किंवा चीनमधून. रुपया पडला की त्यांची किंमत आज ना उद्या चढतेच. २०१३ च्या मे महिन्यात डॉलर साधारण ५५ रुपयांना होता, ऑगस्टअखेर तो ६८ च्या वर गेला. शिवाय कारखान्यावर आपत्ती आली तरी माल अडतो. २०११ साली थायलंडमधल्या अयुत्थयाच्या पुरात निकॉन आणि सोनीचे कारखाने पाण्यात गेले होते, २०१६ च्या कुमामोतो भूकंपात सोनीच्या सेन्सरचं उत्पादन थांबलं होतं. म्हणजे दुकानदार खोटं बोलत नाही.

दुसरी अनिश्चितता आपल्या गिऱ्हाइकाच्या खिशाची. आपल्याकडे लग्नाचा खर्च कापूस, सोयाबीन आणि कांद्याच्या भावावर ठरतो, नोकरदार घरांत कंपनीतल्या कपातीवर. भाव पडला तरी लग्न सहसा रद्द होत नाही. हॉल लहान होतो, प्री-वेडिंग गळतं, ड्रोन नको म्हणतात आणि अल्बमची पानं कमी होतात. यजमान आधी कात्री लावतो ती नेमकी आपल्या कामाच्या वाढीव भागाला.

गंमत अशी की या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकाच वेळी येतात आणि आपल्याला उलट दिशांना ओढतात. किमतीची भीती म्हणते ‘लवकर घे’, उत्पन्नाची भीती म्हणते ‘थांब’. मात्र दोन्ही बाजूंना होऊ शकणारं नुकसान सारखं नाही, आणि सगळा निर्णय या फरकावर उभा आहे.

आकडे मांडून पाहू. बॉडी दोन लाखांची धरा. थांबलात आणि किंमत १० टक्क्यांनी वाढली, तर तोटा २०,००० रुपये. आता तीच बॉडी पूर्ण कर्जावर, १४ टक्के व्याजानं, २४ हप्त्यांत घेतलीत तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,६०० रुपये पडतो आणि दोन वर्षांत व्याजच ३०,००० रुपयांच्या वर जातं. २०,००० वाचवायला ३०,००० मोजले! बचत करून वर्षभरानं वाढलेल्या भावात घेतलं असतं तरी खिशात पैसे उरले असते. आणि मधेच काम थांबलं, तर हप्ता थांबत नाही.

असं काम थांबलेलं आपण पाहिलेलं आहे. २०२० मध्ये अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला होती, तेव्हा देशभर टाळेबंदी होती. २०२१ मध्ये ती १४ मे रोजी आली, तेव्हा महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. सलग दोन उन्हाळी सीझन गेले. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते लांबवण्याची सवलत दिली, पण त्या महिन्यांचं व्याज चढतच होतं. त्या काळात किती जणांनी वर्षभरापूर्वी घेतलेल्या बॉडी अर्ध्या किमतीत विकल्या, हे या व्यवसायातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

आपल्या हप्त्याचा आणखी एक पेच बँकेच्या तक्त्यात दिसत नाही. हप्ता बारा महिने असतो, मुहूर्त मात्र तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढी एकादशीला थांबतात. चातुर्मासात गणपती, बारसं, डोहाळजेवण यांवर घर चालतं, कर्ज फेडता येत नाही. म्हणून हप्त्यावर घ्यायचंच असेल, तर चातुर्मासातले चार हप्ते आधीच बाजूला काढून ठेवा. ते काढता येत नसतील, तर ते कर्ज आपल्याला झेपणारं नाही. ‘नो कॉस्ट ईएमआय’ या शब्दांवरही विसंबू नका. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट कळवलं होतं. रोखीनं घेतल्यावर मिळणारी सूट या योजनेत बहुधा व्याजात जिरते, आणि क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो वेगळाच. दुकानात दोन्ही भाव लिहून मागा, रोखीचा आणि हप्त्याचा.

‘थांबलं की स्वस्त होतं’ हा जुना समजही आता तितकासा खरा राहिलेला नाही, हेही सांगायला हवं. २०१० साली जगात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२३ साली ८० लाखांपेक्षा कमी. स्वस्त कॅमेऱ्यांचा बाजार मोबाइलनं खाल्ला, तेव्हा कंपन्या महागड्या मॉडेलांकडे वळल्या. १ जानेवारी २०१९ ला कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि थांबलेल्यांना फायदा झाला, पण असं रोज घडत नाही. थांबायचं ते नवं स्वस्त होईल म्हणून नव्हे. आपली मिळकत निश्चित होईपर्यंत थांबायचं.

मिळकत निश्चित झाली हे कशावरून ओळखायचं? ॲडव्हान्स हातात आलेल्या ऑर्डरी मोजा, तोंडी शब्द मोजू नका. त्यातही एकूण उत्पन्न धरू नका. प्रत्येक ऑर्डरपुढे एकच प्रश्न लिहा : ही ऑर्डर आहे त्या कॅमेऱ्यावर झाली असती का? झाली असती, तर नव्या कॅमेऱ्यानं तिच्यात एक रुपयाही कमावलेला नाही. समजा, नव्या बॉडीमुळे तुम्ही व्हिडिओचे १५,००० रुपये जादा लावू शकता आणि अशी १२ लग्नं पक्की आहेत. निम्मे पैसे एडिटर आणि मदतनिसाला गेले, तर हाती ९०,००० उरतात. दोन लाखांची बॉडी फिटायला दोन सीझन पुरणार नाहीत. हा हिशेब कागदावर मांडल्यावर बरेच जण आपणहून थांबतात, आणि थांबतात ते योग्यच करतात.

भाड्याचा पर्याय इथे मोलाचा ठरतो, पण त्याला एक मोठी अट आहे. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी सगळ्यांचीच लग्नं असतात, त्यामुळे भाड्याच्या दुकानात त्या दिवशी काही शिल्लक नसतं. म्हणून जे प्रत्येक लग्नात लागतं ते स्वतःचं हवं : दोन बॉडी, फ्लॅश, कार्डं, बॅटऱ्या. जे अधूनमधून लागतं, म्हणजे गिंबल, ड्रोन किंवा महागडी टेली लेन्स, ते भाड्यानं आणावं. एखादी लेन्स वारंवार भाड्यानं आणावी लागते असं वहीत दिसलं, तर ती विकत घेण्याची वेळ आली.

बॉडी की लेन्स, असा प्रश्न पडला तर मी लेन्सच सांगेन. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. दोन्ही कंपन्या २०१८ मध्ये मिररलेसच्या नव्या माउंटवर गेल्या, तरी कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून उत्तम चालतात. निकॉनमध्ये सावध राहा : एएफ-डी प्रकारच्या लेन्सना स्वतःची मोटर नसते, त्यामुळे अडॅप्टरवर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही.

मिररलेसच्या लाटेमुळे जुने डीएसएलआर स्वस्त झाले आहेत, आणि अनिश्चित काळात माझ्या मते खरी खरेदी तिथे आहे. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा तुमच्या ओळखीच्या व्यावसायिकाकडे जा. शटर काउंट पाहा. १,५०,००० क्लिकसाठी बनवलेल्या शटरचे १,४०,००० झाले असतील, तर किमतीतून नव्या शटरचा खर्च वजा करून बोला. लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकून फंगस शोधा, विशेषतः माल कोकणातून आलेला असेल तर. छिद्र एफ १६ ला ठेवून कोऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतील. बिलावरचा आणि बॉडीवरचा सिरीयल नंबर जुळवा. बिल नसलेला माल, नवा असो वा जुना, घेऊ नका : वॉरंटी नाही, विम्याला अडचण, जीएसटी नोंदणी असेल तर कराची वजावटही नाही.

वाट न पाहण्याचं एकच कारण मला मान्य आहे. तुमच्याकडे एकच बॉडी असेल आणि तीत एकाच कार्डाची सोय असेल, तर तुम्ही प्रत्येक लग्नात यजमानाची आयुष्यभराची आठवण धोक्यात घालत आहात. शेवटच्या मंगलाष्टकेला कार्ड बिघडलं, तर तो अक्षतांचा क्षण पुन्हा उभा करता येत नाही. अशा व्यावसायिकानं दोन कार्डं घेणारी जुनी बॉडी, निकॉनची डी ७५० किंवा कॅननची फाइव्ह डी मार्क थ्री यांसारखी, तपासून, रोखीनं, याच महिन्यात घ्यावी. त्यासाठी ना रुपयाचा भाव पाहायची गरज आहे, ना पुढच्या सीझनचा अंदाज.